मुंगीची वाट

दुपारी कुंडीतल्या नेच्याच्या पानावर एक मुंगी दिसली. पानाची कड धरून चालली होती. एकेका दात्यावर चढायचं, टोकाशी थबकून मिशा हलवायच्या, पलीकडून उतरायचं, की पुढचा दाता हजर. मला राहवलं नाही. जवळची वाट दाखवावी म्हणून मध्ये बोट ठेवलं. तिने बोटाला वळसा घातला आणि पुन्हा कड धरली.

आता हिला चालायचं तरी किती, असा प्रश्न पडला आणि दुपारची झोप गेली. शिवणाच्या डब्यातून दोरा काढला. सरळ देठावर ताणला तर पान वीतभर. मग दोन्ही बाजूंच्या पर्णिकांच्या कडेने फिरवत नेला, तर दोरा हातभर लागूनही पान अर्धंच झालेलं. मग नीट पाहिलं, तर प्रत्येक पर्णिकेला पुन्हा छोट्या पर्णिका आणि त्यांच्या कडेला बारीक दाते. तिथे दोरा काही बसेना. सारखा निसटायचा. मी चष्मा पुसला, दोरा ओला करून पाहिला, शेवटी सोडून दिलं.

लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने हाच घोळ देशांच्या सरहद्दींत पाहिला होता. स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यामधली सरहद्द एकाच्या नोंदीत ९८७ किलोमीटर आणि दुसऱ्याच्या नोंदीत १२१४! सरहद्द तीच, पण मोजायची पट्टी जितकी लहान घ्याल तितकी वळणं जास्त सापडतात आणि लांबी वाढत जाते. पुढे १९६७ मध्ये मॅन्डेलब्रॉट या गणितज्ञाने ब्रिटनचा किनारा किती लांब, असा साधा वाटणारा प्रश्न लेखाच्या मथळ्यातच विचारला. त्याचं उत्तर पट्टी विचारल्याशिवाय देता येत नाही.

इथे माझी एक जुनी खोड आडवी येते. कुणी ‘अनंत तारे’, ‘अनंत अडचणी’ म्हटलं की मी मनातल्या मनात ‘असंख्य’ अशी दुरुस्ती करतो. खरं तर पुष्कळदा ‘असंख्य’ही खरं नसतं, नुसता मोजायचा कंटाळा असतो. माझा नेचाही अनंत नाही. पान, पानासारखी पर्णिका, तिच्यासारखी तिची पिल्लं, इतकं करून तो थांबतो. त्याच्या पुढे नुसत्या पेशी.

पुढचं माणसाने केलं. हेल्गे फॉन कॉख या स्वीडिश गणितज्ञाने १९०४ मध्ये एक रेघ घेतली, तिचा मधला तिसरा हिस्सा काढला आणि तिथे तेवढ्याच लांबीच्या दोन रेघांचा एक दाता उभा केला. मग झालेल्या प्रत्येक तुकड्यावर पुन्हा तेच. दर खेपेला लांबी एकतृतीयांशाने वाढते. दहा खेपांत मूळ रेघेच्या जवळजवळ १८ पट होते, आणि थांबायचं तर कधीच नाही. तरी सगळी आकृती तळहातावर मावते. हे कळलं तेव्हा मी खूप वेळ स्वतःच्या तळहाताकडे बघत बसलो होतो. अनंत म्हटलं की आपण मान वर करतो, आभाळाकडे बघतो. ते इतक्या कमी जागेत राहू शकतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मान वर करायची सवय गच्चीवरची. वीज गेली की आम्ही तिथे आडवे. ताई आणि मी तारे मोजायचो आणि मग भांडायचो. मी शंभर म्हटलं की ती हजार, मी लाख म्हटलं की ती म्हणायची, ‘तुझ्याहून एक जास्त.’ एका रात्री तिने हुकमी पान टाकलं, ‘अनंत!’ मी लगेच, ‘अनंत अधिक एक!’ ‘ही चीटिंग आहे,’ ती ओरडली. पलीकडे आजोबा झोपले आहेत असं आम्ही समजत होतो. ते डोळे न उघडता म्हणाले, ‘तेवढंच राहतं रे. झोपा आता.’

भास्कराचार्य त्यांच्या बाजूने आहेत, हे पुढे कळलं. छेदात शून्य आलेल्या राशीला ते ‘खहर’ म्हणतात. तिच्यात कितीही मिळवा, तिच्यातून कितीही काढा, ती बदलत नाही. प्रलयात सगळे जीव आत शिरले आणि सृष्टीच्या वेळी बाहेर आले तरी अनंत अच्युताला जसा फरक पडत नाही, तशी. पण १८७४ मध्ये कॅन्टर या जर्मन गणितज्ञाने दाखवलं की अनंतातही लहानमोठं असतं. एक, दोन, तीन अशा सगळ्या संख्या वापरल्या तरी एका रेघेवरचे सगळे बिंदू मोजून होत नाहीत, उरतातच. म्हणजे ताईच्या अनंताला हरवायची सोय होती. फक्त ‘अधिक एक’ने भागणार नव्हतं.

संध्याकाळी मुद्दाम फोन करून तिला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘म्हणजे तेव्हा चीटिंगच होती ना?’

होती.

मुंगी केव्हाच गेली. दोरा अजून पानावरच आहे, काढायचा राहिला.