ईसीजी नॉर्मल होता, तरीही

दोन जिने चढलो की छातीत आवळल्यासारखं व्हायचं, थांबलो की दोन मिनिटांत जायचं. अ‍ॅसिडिटी समजून मी तीन महिने काढले. श्रमाने येणारं आणि विश्रांतीने थांबणारं दुखणं हृदयाचं असू शकतं, हे मला माहीतच नव्हतं.

ईसीजी नॉर्मल आला तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला. पण आडवं पडून काढलेल्या ईसीजीत पुष्कळदा काही दिसत नाही, असं म्हणून डॉक्टरांनी ट्रेडमिल टेस्ट करायला लावली. ती पॉझिटिव्ह आली, म्हणजे श्रमात हृदयाला रक्त कमी पडत असावं.

मग अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या धमन्यांचं चित्र काढणारी तपासणी. तिला मनगट बधिर करून तिथूनच बारीक नळी आत घातली. मी पूर्ण जागा होतो. एक्स-रेवर दिसणारा डाय सोडला तसा पडद्यावर धमन्यांचा फांद्या फुटलेला आकार उमटला, आणि डावीकडची एक फांदी मध्येच दोऱ्याएवढी झालेली मलाही दिसली. ८० टक्के ब्लॉक. तिथे स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी, बसला.

"पाइपात गाळ बसतो तसंच ना हे?" मी नंतर विचारलं. डॉक्टर म्हणाले, "नाही. हे भिंतीच्या आत घडतं." वाढलेला रक्तदाब, सिगारेट, मधुमेह यांनी धमनीचं आतलं अस्तर दुखावतं. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, त्याखाली शिरून बिघडतं. ते गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशी चरबीने फुगतात आणि तिथेच अडकतात. हळूहळू त्यावर तंतूंचं झाकण धरतं, कॅल्शियम साचतं. याची सुरुवात अनेकदा विशीच्या आधीच झालेली असते!

त्याहून हादरवणारं पुढे होतं. ते झाकण फाटलं की रक्ताची गुठळी होते आणि काही मिनिटांत धमनी बंद पडू शकते. असं फाटणारं प्लाक, म्हणजे भिंतीतला हा चरबीचा साठा, बरेचदा लहानच असतं, आधी त्रासही देत नाही. माझ्या दुसऱ्या धमनीत ४० टक्क्यांचा एक ब्लॉक आहे, त्याला स्टेंट नाही. त्यासाठीच स्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी रोज घ्यायची: एलडीएल उतरतं, झाकण टिकाऊ होतं.

माझं खातं आधीच भरलेलं होतं. वीस वर्षं सिगारेट, बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडलेल्या बीपीच्या गोळ्या, एलडीएल १६८. वडिलांना ५२ व्या वर्षी अटॅक आला होता. वडील किंवा भावाला ५५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर आपला धोका वाढतो. हे मला आधी कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आता माझं एलडीएल ६२ आहे. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात मुलाची लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, करून घेतली. तो २४ वर्षांचा आहे, त्याचं एलडीएल १५८ निघालं. पुढच्या तपासणीला आम्ही दोघं बरोबर जाणार आहोत.