एका सहीसाठी ४७ दिवस

कामाच्या ठिकाणच्या पर्यावरण व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम मी पूर्ण केला, प्रमाणपत्रही हातात पडले, तरी त्या काळाची आठवण निघाली की आजही आधी मनात येते ती एका पत्रावरची सही. ती मिळवण्यासाठी मला २२ एप्रिलपासून ८ जूनपर्यंत, म्हणजे ४७ दिवस थांबावे लागले. हा अभ्यासक्रम करू इच्छिणाऱ्या कोकणातील माझ्यासारख्या कर्मचाऱ्यांवर तशी वेळ येऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका मासळी प्रक्रिया कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ आहे. माकुल, बळा आणि बांगडा साफ करून गोठवण्याचे काम आमच्याकडे चालते, आणि मासळी धुतलेले सगळे पाणी मागच्या बाजूच्या ईटीपीत, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रात जाते. त्या पाण्याचे नमुने मी रोज तपासत असल्यामुळे पर्यावरणाची जबाबदारीही हळूहळू माझ्याकडे आली आणि तिचे रीतसर प्रशिक्षण घ्यावे असे मला वाटू लागले. पाच दिवसांचे वर्ग एप्रिलमध्ये मुंबईत झाले, शेवटच्या दिवशी लेखी परीक्षा झाली आणि ती मी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाले. अभ्यास मुख्यतः आयएसओ १४००१ या पर्यावरण व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीवर आणि आपल्याकडील कायद्यांवर होता. १९७४ चा जल कायदा, १९८१ चा वायू कायदा आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा नुसते पाठ करण्यापेक्षा आपल्या कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेले संमतीपत्र वर्गाला जाण्यापूर्वी ओळ न ओळ वाचून जावे, एवढे मात्र मी आग्रहाने सांगेन. कोणत्या कायद्याचा आपल्याशी नेमका काय संबंध आहे, हे त्याच कागदावर कळते.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. प्रमाणपत्रासाठी स्वतःच्या कामाच्या ठिकाणाची पर्यावरणीय पाहणी करून तीन महिन्यांच्या आत अहवाल द्यायचा होता आणि त्यासोबत कारखान्याचे परवानगीपत्र जोडायचे होते. ते मी परतल्याबरोबर, २२ एप्रिलला मागितले. आमचे व्यवस्थापक सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी त्याच दिवशी सही केली. पण प्रशिक्षण संस्थेला ती सही चालली नाही, कारण त्यांना भोगवटादाराची, म्हणजे कारखान्यावर अंतिम नियंत्रण असलेल्या आणि आपण ज्याला ऑक्युपायर म्हणतो त्याची सही हवी होती. कंपनीच्या कारखान्याचा भोगवटादार कायद्याप्रमाणे संचालकांपैकी एक असतो, आणि आमचे संचालक मुख्य कार्यालयात बसतात. पत्र तिकडे गेले. तिथून ते सल्लागारांकडे गेले, सल्लागारांकडून हिशेब विभागाकडे गेले, आणि दर सोमवारी मी फोन केला की ‘बघतो, या आठवड्यात होऊन जाईल’ एवढेच उत्तर मिळे. कोणी नाही म्हणत नव्हते. नाही म्हटले असते, तर मी दुसरा कारखाना तरी शोधला असता.

मे महिन्यात मी स्वस्थ बसले नाही. कारखाना पूर्ण जोरात असताना पाहणी उरकून घ्यावी, म्हणून दोन रविवार मोडून मी प्रत्येक विभागाची नोंद केली आणि पैलू व परिणामांचे रजिस्टर, म्हणजे कोणत्या कामाचा पर्यावरणावर काय परिणाम होतो याची यादी, तयार केले. जनरेटरच्या खोलीमागे वापरलेल्या तेलाची चार पिंपे मला दिसली. त्यांच्यावर ना नाव होते, ना साठवणीची तारीख. असे तेल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडते आणि साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त काळ साठवता येत नाही. मी ते अहवालात लिहिले आणि सही कशासाठी अडली आहे, हे मला तेव्हाच उमगले. व्यवस्थापकांनी मला केबिनमध्ये बोलावून स्पष्ट सांगितले, ‘‘मॅडम, तुमच्यावर विश्वास आहे, पण हा कागद बाहेर जाणार आहे. उद्या तो कोणाच्या हाती लागला, तर उत्तर मी द्यायचे की साहेबांनी?’’ मला त्या क्षणी राग आला होता. पण आज मान्य करते की त्यांची शंका रास्त होती आणि तिचे निरसन करणे माझे काम होते. मी मात्र महिनाभर नुसती सहीच मागत राहिले होते.

त्या रात्री मी पत्र नव्याने लिहिले. अहवालात कंपनीचे नाव येणार नाही, केवळ ‘रत्नागिरी जिल्ह्यातील एक मासळी प्रक्रिया कारखाना’ असा उल्लेख राहील. अहवाल पाठवण्यापूर्वी कंपनीला वाचायला मिळेल. आणि आढळलेल्या प्रत्येक त्रुटीपुढे ती दूर करण्याची तारीख असेल, अशी तीन वाक्ये त्यात घातली. हे पत्र पाठवल्यावर तिसऱ्या दिवशी, ८ जूनला, सही होऊन आले.

पण माझी एक चूक राहून गेली होती. पाहणीच्या तारखा मे महिन्यातल्या आणि परवानगी जूनमधली, त्यामुळे अहवाल आठवड्याभरात परत आला. पाहणी परवानगीनंतरचीच हवी होती, आणि यांत्रिक नौकांच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असल्यामुळे मिरकरवाड्याला होड्या नांगरून पडल्या होत्या. आमच्या कारखान्यात शीतगृह सोडल्यास काहीही चालू नव्हते. जे काम बंद आहे त्याची पाहणी कशी करायची, या विचाराने मला दोन रात्री झोप लागली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पावसात मी ईटीपीवर गेले. आमचे तिथले काका बादलीत गूळ कालवत होते. सांडपाणी येत नसल्यामुळे वायुवीजन टाकीतले, म्हणजे हवा सोडलेल्या टाकीतले, पाणी साफ करणारे जिवाणू उपाशी मरतात, म्हणून ते बंदीच्या काळात शेणाचे पाणी आणि गूळ थोडा थोडा घालत राहतात. ‘‘मॅडम, आत्ता ह्यांका जगवलांव नाय, तर आगष्टात पहिल्या मासळीचा पाणी कोण साफ करनार?’’ असे ते म्हणाले. मी एक लिटरच्या मोजपात्रात टाकीतले पाणी घेऊन अर्धा तास स्थिर ठेवले. हंगामात तपकिरी गाळ, म्हणजे मुख्यतः हे जिवाणूच, ३०० मिलिलिटरच्या रेषेपर्यंत बसतो. त्या दिवशी तो १२० च्या आसपास थांबला आणि वरचे पाणी गढूळच राहिले. मानकाच्या ६.१.२ या कलमात नेहमीच्या परिस्थितीबरोबरच असाधारण परिस्थिती आणि संभाव्य आणीबाणीचाही विचार करायला सांगितले आहे, हे मला ते मोजपात्र हातात असताना आठवले. बंद कारखाना हीच माझी असाधारण परिस्थिती होती. शीतगृहातील अमोनियाची गळती ही आणीबाणी मी त्याला जोडली, मे महिन्याची आकडेवारी कारखान्याच्या नियमित नोंदवहीतून घेतली आणि १२ जुलैला अहवाल पाठवला. तो कोणत्याही शेऱ्याशिवाय स्वीकारला गेला. अहवालातील ईटीपीचा भाग मला आजही अभिमानाने कोणालाही दाखवावासा वाटतो.

काही गोष्टी आता आठवतात. परवानगीपत्र वर्गाचे शुल्क भरण्यापूर्वीच मागावे. पत्रावरची तारीख पाहणीच्या आधीची आहे ना, ते तपासावे. किनाऱ्यावरच्या मासळीच्या कारखान्यात काम करत असाल, तर एप्रिलच्या तुकडीपेक्षा सप्टेंबर-ऑक्टोबरची तुकडी घ्यावी. बीओडीच्या, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनच्या, चाचणीला २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस लागतात आणि बाहेरच्या प्रयोगशाळेकडे जाणारा नमुना बर्फात ठेवून शक्य तितक्या लवकर पोहोचवावा लागतो, हे वेळापत्रक आखताना धरून चालावे. आणि अहवालात त्रुटी लिहिताना तिच्यासोबत उपायाची तारीख लिहावी. ती तेलाची चारही पिंपे ऑगस्टच्या आत नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे रवाना झाली आणि आता नव्या पिंपावर तारीख घातली आहे का, हे व्यवस्थापक स्वतः मागे जाऊन पाहतात.