मासे फुकट, होल्यांना ४८ डॉलर

टेक्सासमध्ये लेक टेक्सोमाजवळच्या एका दुकानात मी काउंटरवर असतो. गळ, आमिष, बर्फ, पेट्रोल, आणि फिशिंग-हंटिंगची लायसन्स. तलाव ओलांडला की शेजारचं राज्य, ओक्लाहोमा. ३१ ऑगस्टला आमच्याकडे झुंबड असते कारण १ सप्टेंबरला डव्हच्या शिकारीचा सीझन उघडतो, डव्ह म्हणजे आपले होलेच, आणि लोकांना लायसन्सची आठवण नेमकी आदल्या संध्याकाळी येते.

त्या गर्दीत दोन आजोबा आले, दोघंही पंचाहत्तरीच्या पुढचे, जुने दोस्त. एक इकडचे, दुसरे ओक्लाहोमाचे, सोबत त्यांचा शाळकरी नातू. इकडच्या आजोबांचं काम दोन मिनिटांत झालं, ६५ च्या वरच्या टेक्सासवाल्यांना शिकारीचं लायसन्स ७ डॉलर, वर होल्यांसाठी ७ डॉलरचं एंडोर्समेंट, म्हणजे लायसन्सला जोडायची वेगळी परवानगी. मग दुसऱ्यांनी आपलं ड्रायव्हिंग लायसन्स पुढे सरकवलं आणि म्हणाले, मला काही लागत नाही, हे बघून घे फक्त.

त्यांचंही बरोबर होतं म्हणा. ओक्लाहोमाचे ६५ च्या वरचे लोक टेक्सासच्या पाण्यात बिनालायसन्स मासे धरू शकतात, इकडच्या म्हाताऱ्यांनाही तिकडे तशीच सूट आहे. ते इतकी वर्षं त्या एका कार्डावर इकडे गळ टाकत आलेले, त्यामुळे बंदुकीलाही तेच चालेल असं वाटणं साहजिकच. मी म्हटलं, सर, ती सवलत फक्त मासेमारीची, शिकारीला बाहेरच्या माणसाचं वय कितीही असो, लायसन्स लागतंच आणि अख्ख्या सीझनचं ३१५ डॉलर.

आजोबा काहीच बोलले नाहीत. कार्ड उचलून पाकिटात घालायला लागले, हात थरथरत होते, कार्ड खाचेत जाईना. मला ते बघवेना. म्हटलं थांबा, पाच दिवसांचं एक लायसन्स मिळतं ४८ डॉलरला, हरीण आणि टर्की चालत नाही पण होले चालतात, अधिक ७ एंडोर्समेंटचे. आणि नातू १७ च्या आतला, त्याचं ७ डॉलरमध्ये होईल, एंडोर्समेंटसुद्धा नको.

म्हणजे बघा, त्याच घरातल्या पोराला ७ आणि आजोबांना ५५. हे मला पटत नाही. राज्यं शिकारीत सूट का देत नाहीत तेही कळतं, १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांना वाटला जातो आणि त्यात पैसे भरून लायसन्स घेतलेल्या शिकाऱ्यांची संख्या मोजली जाते, फुकटवाले मोजणीत येत नाहीत. पण मग फुकट देऊच नका ना! दोन्ही राज्यांनी एकमेकांच्या म्हाताऱ्यांना ७ डॉलरचं लायसन्स द्यावं, माणूस मोजलाही जाईल आणि शेजारच्या दोस्ताच्या शेतात जाईलही. या वयात पुढचा सीझन कोणी बघितलाय.

शेवटी त्यांनी पाच दिवसांचंच घेतलं. नियमाप्रमाणे मी विचारलं, मागच्या सीझनला किती होले मारले, तर दोघांचा वाद सुरू झाला, मागे लाइन वाढत होती तरी कोणी कुरकुरलं नाही. निघताना इकडचे आजोबा दोस्ताला म्हणाले, मी आमच्या राजधानीला, ऑस्टिनला पत्र टाकतो, तू तुमच्या ओक्लाहोमा सिटीला टाक. आणि शिकारीचे नियम ठरवणाऱ्या कमिशनचा पत्ता माझ्याकडून पावतीच्या मागे लिहून घेतला.