टिंबं

गेल्या आठवड्यात दुपारी जेवण झाल्यावर लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' घेऊन पडले होते. वाचनालयाची प्रत. दोन-तीनदा बांधणी झालेली, पानं पापडासारखी. आवृत्ती जुनी, म्हणजे 'कांहीं', 'नांव', 'घरांत' अशा टिंबांनी बुजबुजलेली. चारेक पानं झाल्यावर लक्षात आलं की प्रत्येक टिंबावर कोणीतरी पेन्सिलीने बारीक काट मारलेली आहे. एकही सुटलेलं नाही.

पुण्याला १८४८ पासून सार्वजनिक वाचनालयाची सवय आहे आणि दुसऱ्याच्या पुस्तकात पेन्सिल चालवण्याची सवय तिच्यापेक्षा फार तर चार दिवसांनी लहान असणार. 'अगदी खरे!', 'असे कुठे असते?', 'हे पान मी फाडलेले नाही' अशा नोंदी मला पाठ आहेत. कधी कधी मूळ मजकुरापेक्षा त्याच रंगतदार असतात. पण हे प्रकरण वेगळं होतं. हा माणूस मत देत नव्हता, प्रूफ तपासत होता. आणि जाणकार होता. 'मुलांना', 'लोकांत' असे अनेकवचनाचे अनुस्वार त्याने जागच्या जागी ठेवले होते आणि उच्चारात नसलेले तेवढेच टिपून मारले होते. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांना धरून, चोख.

मला अर्थातच बाबा आठवले.

बाबा मुद्रितशोधक होते. दिवसा छापखान्यात आणि रात्री घरी, कारण जादा कामाचे पैसे वेगळे मिळत. गॅलीचे लांबलचक ओले कागद पिशवीतून निघाले की घरभर शाईचा आणि रॉकेलचा वास सुटे. जेवणं झाली की मी हस्तलिखित घेऊन समोर बसायचं आणि मोठ्याने वाचायचं, बाबा प्रूफावर पेन्सिल फिरवणार. वाचायचं म्हणजे सगळं वाचायचं. 'ती दारात स्वल्पविराम क्षणभर स्वल्पविराम उभी राहिली पूर्णविराम नवा परिच्छेद.' पहिली का दुसरी वेलांटी तेही सांगायचं. भावनेने वाचलं तर बाबा पेन्सिल टेबलावर आपटत. नायिका मरत असली तरी आवाज सपाट हवा, नाहीतर ऐकणारा चूक सोडून नायिकेकडे बघतो.

अशा रीतीने दहा-अकरा वर्षांची असताना मी बऱ्याच कादंबऱ्या विरामचिन्हांसकट वाचल्या. एक रहस्यकथा होती, तिची शेवटची गॅली नेमकी माझ्या परीक्षेच्या आठवड्यात आली आणि बाबांनी ती छापखान्यातच उरकली. खून कोणी केला, विचारलं तर म्हणाले, "लक्षात नाही. पण 'निर्घृण' तीनदा चुकवलाय."

कुठल्याही पुस्तकाबद्दल बाबांचं मत असं एका आकड्यात असे. "बावीस चुका." "सात. बरं आहे." वाचनालयाचं पुस्तक असलं तरी हात थांबत नसे. लग्नपत्रिकेत 'आशिर्वाद' दिसला की तो दुरुस्त करून पत्रिका खिशात, मग कार्यालयात वरपित्याला दाखवायला मोकळे. लक्ष्मी रोडवरून त्यांच्याबरोबर चालणं म्हणजे शिक्षा. 'दुरूस्ती' लिहिलेली पाटी दिसली की थांबायचे आणि दुकानदाराला वाटायचं गिऱ्हाईक आलं.

टिंबांवरून मात्र त्यांच्या मनात कायमची कडवट जागा होती. नियमांप्रमाणे टिंबं काढण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. 'झालें'चं 'झाले' केलं, हजारो वेळा. आणि मग लेखक मंडळी बोलण्यासारखं लिहायला लागली, 'झालं'. पुन्हा टिंब! "एकाने काढायचं, दुसऱ्याने द्यायचं, आणि मधे आम्ही," असं म्हणत ते चष्मा पुसत. मी हे लिहिताना 'झालं', 'केलं' करत चालले आहे, ते त्यांनी चालवून घेतलं नसतं.

तर मुद्दा पुस्तकांचा होता. या दोन महिन्यांत बरंच वाचलं, पण मैत्रिणींच्या भिशीत 'कसं वाटलं?' विचारलं की माझी दातखीळ बसते. आकडा सांगावासा वाटतो.

'रणांगण' पुन्हा वाचलं. १९३९ सालची, केवढीशी कादंबरी, युरोपातून मुंबईला येणाऱ्या बोटीवरची. कॉलेजात असताना वाचून उशी भिजवली होती. तेव्हा नायिकेसाठी, हॅर्टासाठी रडले की स्वतःसाठी, कोण जाणे. आता नायकाचा, चक्रधराचा इतका राग आला की पुस्तक पालथं घालून चहा करून आले. अरे बोल ना बाबा, तोंड उघड! चहानंतरही राग गेला नाही. एवढ्या वर्षांनंतर कागदावरच्या माणसावर चिडता येतं, म्हणजे बेडेकरांचंच खरं. विश्राम बेडेकरांनी ही एकच कादंबरी लिहिली, तेही बरंच झालं असं मला वाटतं. भिशीत हे मत मांडलं तर दोघी दुखावल्या.

'बनगरवाडी' मी उन्हाळ्यात वाचायची नाही असं ठरवलं आहे आणि दर उन्हाळ्यात वाचते. शेवटी दुष्काळात वाडी रिकामी होते तेव्हा घसा खरोखर कोरडा पडतो. त्यावर मत काय द्यायचं? पाणी प्यायचं.

'कोसला'चं सांगायचं तर ते बाबांमुळे बिघडलं. १९६३ ची पुस्तकं त्यांच्या ऐन भरातली. हे त्यांनी छापून आल्यावर वाचायला घेतलं, आणि 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' यांच्या राशी बघून चूक कुठली आणि मुद्दाम केलेली कुठली हेच त्यांना ठरवता येईना. आकडा सांगता आला नाही असं ते एकच पुस्तक. मी वाचताना अजूनही प्रत्येक 'वगैरे'ला त्यांचा उसासा ऐकते. मनीच्या मृत्यूची पानं आली की तेवढा तो ऐकू येत नाही.

पुन्हा 'स्मृतिचित्रे'. सुरुवातीलाच लक्ष्मीबाईंचे वडील आहेत, नाना, सोवळ्याने पछाडलेले. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेणारे. मीठसुद्धा. लक्ष्मीबाई हे सगळं हसत सांगतात आणि हसता हसता घरातल्या बायकांचे काय हाल होत असतील ते आपल्याला कळत जातं. आमचा पेन्सिलवाला त्या पानांवरही टिंबं वेचत बसला आहे, 'मीठ'च्या आगेमागे चार काटा आहेत. त्याला काहीच वाटलं नसेल? पुढे मात्र लक्ष्मीबाईंचे यजमान, कवी नारायण वामन टिळक, ख्रिस्ती झाल्याची बातमी येते, १८९५ सालची ती हकीकत, आणि तिथून काटा एकदम थांबतात. पुढची सगळी टिंबं शाबूत. मी शेवटपर्यंत उलटून पाहिलं. पुस्तकाने त्याला ओढून नेलं असं मला म्हणायचं आहे. पेन्सिल संपली असेल, तेही होतं.

काचबिंदूने बाबांची नजर गेली ती हळूहळू. आधी कडा, मग बाकीचं. शेवटची दोन वर्षं दुपारी मी त्यांना वाचून दाखवायचे, त्यात हेच पुस्तक होतं, नव्या आवृत्तीतलं. पहिल्या दिवशी मी सवयीने 'स्वल्पविराम' म्हणून गेले आणि दोघंही गप्प झालो. मग ते मधेच विचारायचे, "'नाव'वर टिंब आहे का गं?" नाही म्हटलं की मान हलवायचे. वाचताना तसंही ते ऐकू येत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी विचारणं बंद झालं. मीठ धुण्याच्या जागी ते हसले, मग खोकले, आणि ठसका ओसरल्यावर म्हणाले, "ते परत वाच." मी परत वाचलं. मला सपाट वाचायला शिकवलं होतं, पण त्या दिवशी जमलं नाही, आणि त्यांनी पेन्सिल आपटली नाही. पेन्सिल हातात नव्हतीच.

पुस्तक परवा परत केलं. काउंटरवरच्या बाईंनी पानं चाळली आणि चष्म्यावरून पाहिलं. "या काटा तुमच्या?"

"नाही हो."

"सगळे असंच म्हणतात," त्या म्हणाल्या आणि पुस्तक मागच्या ढिगावर टाकलं.