फळ्यावरचा डेंपो

आमच्या वाड्यावरच्या मंडळाचं स्नेहसंमेलन संक्रांतीनंतरच्या रविवारी असतं. सकाळी सत्यनारायण, मग मुलांच्या स्पर्धा, दहावी-बारावीत चमकलेल्यांचा सत्कार, रात्री मंडळाच्याच कलाकारांचं मराठी नाटक. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या कुठल्याही मंडळात हे सगळं थोड्याफार फरकाने होतं. आमच्याकडचा खरा कार्यक्रम सुरू व्हायचा तो दुपारी, खतखतं आणि उकड्या तांदळाचा भात जेवून, पानावरचं मणगणं संपवून माणसं सभामंडपात सतरंजीवर टेकली की. निमंत्रणपत्रिकेत तो कधीच छापला गेला नाही. देवळातला काळा फळा एरवी भजनाच्या पाळ्या आणि जत्रेची वर्गणी लिहायला असायचा. तो ओल्या फडक्याने पुसून खांबाला टेकवला जायचा. आमचे मास्तर धोतराचा सोगा सावरत पुढे व्हायचे, वर ‘डेंपो’ असं लिहायचे आणि खाली एक ते अकरा आकडे मांडायचे. डेंपो या फुटबॉल क्लबचा आजवरचा सर्वोत्तम संघ निवडायचा. दरवर्षी. पहिल्यापासून.

नवी सून किंवा बाहेरगावचा जावई हमखास विचारायचा, की क्लब पणजीचा, सामने मडगावला फातोर्ड्याच्या स्टेडियमवर, मग डिचोलीकरांना एवढा उमाळा का? मास्तर त्याला जवळ बसवून सांगायचे. साठच्या दशकात डिचोलीत एक फुटबॉल क्लब होता. डेंपो घराण्याने तो आपल्याकडे घेतला आणि त्यातून डेंपो स्पोर्ट्स क्लब उभा राहिला. तालुक्यातल्या कितीतरी घरांतले कर्ते पुरुष त्यांच्याच खाणीवर कामाला होते. त्यामुळे क्लब पणजीला गेला तरी तो आपलाच, परगावी शिकायला गेलेल्या मुलासारखा, अशी वाड्याची पक्की समजूत होती. मला ती आजही योग्यच वाटते.

या चर्चेला मास्तरांनी एकच नियम घातला होता. ज्याला तुम्ही स्वतः मैदानावर जाऊन खेळताना पाहिलं असेल, त्याचंच नाव सुचवायचं. रेडिओवर ऐकलेला, टीव्हीवर दिसलेला, वडिलांनी रंगवून सांगितलेला खेळाडू चालायचा नाही. नाव घेणाऱ्याने सामना सांगायचा, तो कुठे उभा राहून पाहिला ते सांगायचं, आणि त्या खेळाडूने केलेली एक तरी गोष्ट उठून दाखवायची. दाखवायची म्हणजे खरोखर दाखवायची. सतरंजी गुंडाळून मंडपाच्या मधोमध जागा केली जायची, आणि साठीचे काका प्रतिस्पर्ध्याला हुलकावणी कशी दिली ते करून दाखवायचे. आम्ही मुली मागे केळीची पानं गोळा करता करता हे बघत उभ्या राहायचो. फुटबॉल कसा बघायचा हे मी तिथेच शिकले. चेंडू कुठे आहे ते कुणालाही दिसतं; चेंडू नसलेला माणूस काय करतोय ते बघ, हे मला मास्तरांनी सांगितलं.

सुरुवात नेहमी अण्णांची. सत्तरच्या दशकातला निकोलस परेरा हा त्यांचा देव. डेंपोने त्या दशकाच्या अखेरीस मुंबईत कूपरेजवर रोव्हर्स कप जिंकला, तेव्हाच्या गोष्टी अण्णांच्या तोंडून ऐकाव्यात. त्या पिढीला सामना पाहणं म्हणजे दिवसभराचा उद्योग होता. पुढे १९८६ मध्ये मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. मग बेतीला फेरीबोट धरून पणजी गाठायची, तिथून मडगावची बस, आणि परतताना शेवटची बस चुकली तर रात्र बसस्थानकावर. अण्णा निकोलसचं नाव घेताना हे सगळं सांगायचे. तरुण मुलं चुळबुळ करायची, पण मध्ये बोलायची नाहीत. एवढं करून पाहिलेल्या खेळाडूला फळ्यावर जागा नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

मग उठायचा तो वास्कोचा जावई. तो साळगावकर क्लबचा चाहता. त्याचा मुद्दा दरवर्षी एकच असायचा: ब्रह्मानंद शंखवाळकर गोलात नसेल तो संघ सर्वोत्तम कसा? १९८३-८४ मध्ये गोव्याने ब्रह्मानंदच्या नेतृत्वाखाली राज्यांच्या संघांची संतोष ट्रॉफी जिंकली आणि अंतिम सामन्यात पंजाबला १-० ने हरवलं, हे तो अशा अभिमानाने सांगायचा की सगळा मंडप माना डोलवायचा. ब्रह्मानंद थोर होता, यात इथे कुणाला शंकाच नव्हती. पण तो साळगावकरचा. “तो आमचो न्हय!” असा एकमुखी पुकारा व्हायचा, आणि एक नंबरवर अभिजित मंडलचं नाव लागायचं. बंगालचा मुलगा, पण आमच्या गोलात मनापासून उभा राहिला. जावयाला सांत्वन म्हणून मणगण्याची आणखी एक वाटी मिळायची.

माझ्या कॉलेजच्या दिवसांत आणि त्यानंतरच्या काही वर्षांत तर या फळ्यावर जागा पुरेनाशी झाली. डेंपोने २००४-०५ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली, मग २००६-०७ मध्ये पुन्हा. तिच्या जागी आय-लीग सुरू झाल्यावर तिचं पहिलंच विजेतेपद २००७-०८ मध्ये आमचं, आणि नंतर २००९-१० आणि २०११-१२ ची. पाचही वेळा प्रशिक्षक आर्मांदो कुलासो. ज्या काळात कोलकात्याचे क्लब म्हणजेच भारतीय फुटबॉल असं मानलं जायचं, त्या काळात २००६-०७ पासून सलग सात मोसम देशाचा विजेता गोव्याचाच होता: डेंपो, चर्चिल नाहीतर साळगावकर. २००८ मध्ये डेंपो आशियातल्या क्लबांच्या एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत पोचला. प्रशिक्षक कोण, यावर आमच्याकडे कधी मतदान झालं नाही. मास्तर फळ्याच्या कोपऱ्यात आर्मांदोंचं नाव आधीच लिहून ठेवायचे.

चार आणि पाच नंबरही वादाविना भरायचे. महेश गवळी आणि समीर नाईक. गवळी हवेतला चेंडू सोडायचा नाही आणि समीर जमिनीवरचा. समीर तर वर्षानुवर्षं डेंपोतच राहिला आणि पुढे याच क्लबचा प्रशिक्षक झाला. डावीकडे अकरा नंबरवर क्लिफर्ड मिरांडा. सुलूमावशी नारळ खवता खवता आतून ओरडायची, “क्लिफर्डला हात लावलात तर रात्रीचं जेवण बंद!” तिने त्याला फातोर्ड्याला पाहिला होता. कोपऱ्यातल्या झेंड्याजवळून डाव्या पायाने त्याने वळवलेला चेंडू ती विळीवर बसल्या बसल्या हाताने हवेत काढून दाखवायची, आणि खोबऱ्याचा कीस अंगणभर उडायचा.

दहा नंबरबद्दल मात्र थांबून लिहायला हवं.

५ डिसेंबर २००४. बंगळूरच्या कांतीरवा स्टेडियमवर फेडरेशन कपचा अंतिम सामना, डेंपो विरुद्ध मोहन बागान. क्रिस्तियानो ज्युनियर हा पंचवीस वर्षांचा ब्राझीलचा मुलगा आदल्या मोसमात ईस्ट बंगालकडून गोलांची बरसात करून नुकताच आमच्याकडे आला होता. त्या सामन्यातले दोन्ही गोल त्याचेच. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर झाली, तो कोसळला आणि पुन्हा उठला नाही. डेंपो २-० ने जिंकला आणि क्रिस्तियानो गेला. आम्ही सगळे मंडपाशेजारच्या घरात टीव्हीसमोर होतो. गोल झाला म्हणून उड्या मारलेल्या माणसांना पुढच्या काही मिनिटांत काय चाललंय तेच कळेना. क्लबने नंतर दहा नंबरची जर्सी त्याच्या स्मरणार्थ कायमची बाजूला ठेवली.

पुढच्या महिन्यात आमचं संमेलन होतं. फळा काढायचा की नाही, यावर कुजबुज चालली होती. मास्तरांनी तो काढला. एक ते अकरा आकडे मांडले, नावं भरत गेले, आणि दहापुढे काही न लिहिता खडू खाली ठेवला. त्याला प्रत्यक्ष मैदानावर पाहिलेले मंडपात दोघेच होते. ते दोघे उभे राहिले, आणि नियमाप्रमाणे त्याचा एकेक गोल सांगितला. तेव्हापासून आमच्या फळ्यावर दहाची जागा रिकामी असते.

म्हणूनच सुनील छेत्रीवरून जे भांडण पेटलं ते इतकं मोठं झालं. छेत्री २००९-१० मध्ये डेंपोकडून खेळला, त्या वर्षी आम्ही आय-लीगही जिंकलो. पुढे तो भारताचा सगळ्यात मोठा खेळाडू झाला. तेव्हा वाड्यावरच्या एका कॉलेजच्या मुलाने त्याचं नाव सुचवलं आणि जागा मागितली ती दहाची. त्याने छेत्रीला फातोर्ड्याला पाहिलं होतं, सामना सांगितला, सगळे नियम पाळले. तरी अर्धा मंडप उभा राहिला. कुणी म्हणालं, छेत्री थोर, पण जिथे माणूस दहा वर्षं राबला नाही त्या क्लबचा तो सर्वोत्तम कसा? कुणी म्हणालं, क्रिस्तियानो तर काही महिनेच होता. त्यावर क्षणभर सगळे गप्प. मग मास्तर त्या मुलाला म्हणाले, “तुझं नाव लिहितो, पण जागा दुसरी माग.” मुलाने सात नंबर मागितला. काही वर्षं छेत्री सातवर होता. नंतर रोमिओ फर्नांडिसच्या चाहत्यांनी त्याला तिथून हलवलं. डेंपोत घडलेला रोमिओ २०१५ मध्ये ब्राझीलच्या अथलेटिको परानाएन्सेपर्यंत गेला, आणि आमच्या पोरांना त्याहून मोठं काही वाटत नव्हतं.

नऊ नंबर अर्थातच रॅंटी मार्टिन्स. २०१०-११ च्या आय-लीगमध्ये ३० गोल, २०११-१२ मध्ये ३२. २०११ मध्ये एअर इंडियाला १४-० ने हरवलं, तो सामना पाहिलेली माणसं अजून चौदाही गोल क्रमाने सांगायला बसतात आणि नवव्या-दहाव्याशी भांडतात. रॅंटीच्या मागे आठवर बेटो, ज्याने न बघता दिलेले पास रॅंटीच्या पुढ्यात येऊन थांबायचे. या दोघांत थोर कोण, यावर आमच्याकडे सख्ख्या भावांनी दोन दिवस अबोला धरलेला मी पाहिला आहे.

पण मला विचाराल, तर डेंपोचा सर्वांत मोठा खेळाडू क्लायमॅक्स लॉरेन्स. फळ्यावर सहावा. हे मी पहिल्यांदा मंडपात उभी राहून बोलले तेव्हा माझं नुकतंच लग्न ठरलं होतं, आणि बायकांनी आतून डोकावून बघितलं होतं. मी म्हटलं, रॅंटीचे गोल सगळे मोजतात. पण प्रतिस्पर्ध्याचा हल्ला मधल्या फळीतच कितीदा विझला ते कोण मोजतं? मी फातोर्ड्याला पूर्वेच्या स्टँडमध्ये बसून एक संपूर्ण अर्धा वेळ फक्त क्लायमॅक्सकडे बघत काढला होता. चेंडू त्याच्या पायाशी दोन-तीन पावलांपेक्षा जास्त कधी राहिला नाही. समोरचा पास देणार त्याआधीच हा दोन पावलं डावीकडे सरकलेला असायचा, आणि पास देणाऱ्याला तो देताच यायचा नाही. क्लिफर्डला पुढे पळता यायचं, बेटोला मागे वळून बघावं लागायचं नाही, ते याच्यामुळे. मी ती दोन पावलं सतरंजीवर सरकून दाखवली. गोल म्हणाल तर तोही त्याने गरजेला केलाच. २००८ मध्ये हैदराबादला एएफसी चॅलेंज कपमध्ये अफगाणिस्तानविरुद्ध भरपाई वेळेत भारताला जिंकून देणारा गोल क्लायमॅक्सचा होता. मास्तरांनी सहापुढचं नाव पुन्हा गिरवून ठळक केलं. मला अजूनही तो मान वाटतो.

त्यानंतरची वर्षं कठीण गेली. २०१५ मध्ये डेंपो दुसऱ्या श्रेणीत घसरला. २०१६ मध्ये ती श्रेणी जिंकून वर आला, पण देशाच्या फुटबॉलची नवी रचना मान्य नाही म्हणून साळगावकर आणि स्पोर्टिंगसह आय-लीगमधून बाहेर पडला. निर्णय तत्त्वाचा होता, आणि मास्तरांना तो पटलाही. पण आमच्या फळ्यासमोर बसलेल्या लहान मुलांकडे आता सांगायला काहीच नव्हतं. ती युरोपातले क्लब मोबाईलवर बघत होती. नियम थोडा सैल करा, टीव्हीवरचे सामने धरा, असं पुष्कळांनी सुचवलं. मास्तर ऐकले नाहीत. त्यांनी मंडळाच्या वर्गणीतून टेम्पो ट्रॅव्हलर ठरवला आणि मुलांना गोव्याच्या लीगचे सामने बघायला म्हापशाला धुळेरच्या मैदानावर न्यायला सुरुवात केली. पाण्याच्या बाटल्या, चुरमुऱ्याचे लाडू, आणि प्रत्येक मुलाला एक खेळाडू नेमून द्यायचा: नव्वद मिनिटं त्याच्याकडेच बघ. मंडळाने आजवर केलेल्या कामांत मला हे सर्वांत मोलाचं वाटतं. रंगमंचाच्या नव्या पडद्यापेक्षाही.

२०२४-२५ मध्ये डेंपो आय-लीगमध्ये परतला, प्रशिक्षक समीर नाईक. धुळेरला नेलेली ती पोरं आता कॉलेजात आहेत आणि फळ्यासमोर पहिल्या रांगेत बसतात. मास्तर थकले, खुर्चीत बसून असतात. खडू त्यांच्या नातीच्या हातात आहे. ती आजोबांपेक्षा कडक. सामन्याची तारीख चुकली तर नाव लिहीत नाही.

यंदा दोन नंबरवरून जुंपली. बचावाच्या उजव्या बाजूला कोण हे आजवर नीट ठरलेलंच नाही. समीरला पाचवरून दोनवर आणा, म्हणजे मध्ये जागा होईल, असं एका बाजूचं म्हणणं. समीरला हलवायचं नाही, असं दुसऱ्या बाजूचं. संध्याकाळी नाटकाचा पडदा लावायला मुलं आली तरी मिटेना. शेवटी फळा उचलून रंगपटात नेला, तर अर्ध्या चेहऱ्याला रंग लावलेला आमचा नायक आरशासमोरून उठला आणि मिशी हातात धरून म्हणाला, “समीर पाचवरच राहणार, नाहीतर मी दुसऱ्या अंकात उभा राहत नाही!”