लटरवर्थ : जेट इंजिनाच्या गावात

लंडनला जाणारे आपले लोक सहसा लेस्टरशायरमधल्या लटरवर्थकडे फिरकत नाहीत. तिथे रेल्वे स्टेशनही नाही. रग्बीला उतरून पुढे रस्त्याने जावं लागतं. पण ज्या इंजिनामुळे आपण मुंबईहून एका झोपेत लंडनला पोचतो, त्याची हकिगत कळायला या गावात जायलाच हवं.

गावाच्या दक्षिणेला, रहदारीच्या एका सर्कलमध्ये ‘ग्लॉस्टर ई.२८/३९’ या जेट विमानाची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभी आहे. नाकावर पंखा नाही, हवा आत घेणारं गोल तोंड तेवढं आहे. १९४१ साली ज्यांनी पंख्याविना विमान उडताना पाहिलं, ते किती चक्रावले असतील!

हे इंजिन फ्रँक व्हिटलचं. जन्म १९०७, कॉव्हेंट्री. उंची कमी म्हणून हवाई दलाने आधी परत पाठवलेला मुलगा. १९३० मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, पण हवाई मंत्रालयाने रस दाखवला नाही. १९३५ मध्ये नूतनीकरणाची फी भरायची वेळ आली तेव्हा मंत्रालयाने हात वर केले, त्याच्याकडे पैसे नव्हते, आणि पेटंट गेलं. फी होती ५ पौंड. मला याची अजूनही चीड येते.

पुढे मित्रांच्या मदतीने ‘पॉवर जेट्स’ ही कंपनी निघाली. १२ एप्रिल १९३७ रोजी रग्बीच्या कारखान्यात इंजिन पहिल्यांदा सुरू झालं आणि आवरेनाच. व्हिटलने इंधनाची झडप बंद केली तरी वेग वाढतच गेला. कामगार पळाले; तो मात्र जागचा हलला नाही. गळलेलं इंधन आत साचून जळत होतं, हे नंतर कळलं. पुढच्या वर्षी काम लटरवर्थच्या एका बंद पडलेल्या फाउंड्रीत हललं.

तत्त्व साधं आहे. हवा आत ओढून दाबायची, तिच्यात इंधन जाळायचं, तापलेला वायू टर्बाइनवर, म्हणजे पात्यांच्या चाकावर, सोडायचा. टर्बाइन त्याच दांड्यावरचा, हवा दाबणारा कॉम्प्रेसर फिरवतं आणि मागे सुटणारा झोत विमानाला पुढे रेटतो. अवघड होतं ते एवढी उष्णता आणि वेग सोसणारा धातू मिळवणं आणि आग एका जागी नीट जळती ठेवणं. व्हिटलने ज्वलनकक्षांतून हवा उलटी वळवून नेली, त्यामुळे दांडा आखूड राहिला. मला त्याची ही युक्ती सगळ्यात आवडते.

उडण्याचा पहिला मान जर्मनीचा. हान्स फोन ओहाइनच्या इंजिनावर ऑगस्ट १९३९ मध्येच हाइन्केल विमान उडालं होतं. व्हिटलचं विमान १५ मे १९४१ रोजी क्रॅनवेलहून उडालं, १७ मिनिटं. पण उशीर त्याच्यामुळे झाला नव्हता. सुरुवातीच्या त्या वर्षांत कोणी पैसे लावले असते तर?

लटरवर्थच्या छोट्या संग्रहालयात त्याची कागदपत्रं आहेत. जाण्याआधी ते उघडं असल्याची खात्री करून घ्या. तेवढी वाट वाकडी करणं जमत नसेल, तर लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये तिसऱ्या मजल्यावर जा. तिथे ते मूळ विमान टांगलेलं आहे, आणि प्रवेश फुकट आहे.