गंगावेशीतली म्हैस आणि कॅमेऱ्याचं मीटर

मागच्या नोंदीत ‘ऑटो सोडलंय, मॅन्युअलवर चाललोय’, म्हणजे कॅमेऱ्याचे आकडे आता स्वतःच लावतोय, एवढंच लिहून थांबलो होतो. मधे दिवाळी झाली, उसाचा हंगाम सुरू झाला आणि सेटिंग ठरवायची माझी पद्धत बऱ्यापैकी बसली. सामान तेच आहे: क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरचा जुना मिररलेस कॅमेरा, ५० एमएमची एफ १.८ लेन्स आणि पिशवीच्या तळाशी कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स. नवीन काही घेतलेलं नाही, त्यामुळे फोटोत जो फरक पडलाय तो फक्त आकड्यांचा आहे.

आता फोटो काढायच्या आधी स्वतःला एकच विचारतो: यात कशावर पाणी सोडून चालणार नाही? हालचाल गोठवायचीय का, मागचं पुढचं सगळं स्पष्ट हवंय का, की पांढऱ्यातला पोत जाता कामा नये? आकडे तीनच: शटर (उजेड किती सेकंद आत घ्यायचा), एफ (लेन्सचं भोक; आकडा लहान तेवढं भोक मोठं आणि स्पष्ट पट्टा अरुंद) आणि आयएसओ (मिळालेला उजेड किती वाढवायचा). जे सुटून चालणार नाही त्याचा आकडा आधी लावायचा. बाकीचे दोन त्याच्या मागून फरफटत येतात. आयएसओ तर मी सगळ्यात शेवटी बघतो.

हे सगळं जिथं नीट समजलं ती जागा म्हणजे आमच्या कोल्हापुरातल्या गंगावेशीतला दूध कट्टा. परगावच्या मंडळींसाठी सांगतो, इथं संध्याकाळी म्हशी रस्त्याकडेला उभ्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाळ ग्लास तसाच हातात देतात. प्यायला झकास, फोटोला बेक्कार. काळीकुट्ट म्हैस, तिच्याखाली पांढराशुभ्र फेस, डोक्यावर एलईडी दिवे आणि मागनं हेडलाइट मारत जाणाऱ्या गाड्या, सगळं एकाच चौकटीत.

इथं स्पॉट मीटर, म्हणजे चौकटीतल्या एकाच ठिपक्याचा उजेड मोजणारं मीटर, लावून बघितलं. एफ २.८ आणि आयएसओ ३२०० कायम ठेवून म्हशीच्या कुशीवर रोखलं तर मीटर मागतंय १/२५. ग्लासातल्या फेसावर रोखलं तर १/४००. चार स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), आणि दोघांवर पडणारा उजेड मात्र तोच, त्याच दिव्याचा! कारण कॅमेऱ्यातलं मीटर वस्तूवर पडणारा उजेड मोजत नाही, वस्तूवरून परत येणारा मोजतं. वर समोर म्हैस असो नाहीतर दूध, ते तिला मध्यम करड्यावर, म्हणजे साधारण १८ टक्के परावर्तनावर, आणायला बघतं. म्हशीचं ऐकलं तर ती राखाडी होते आणि फेस कागदासारखा कोरा. फेसाचं ऐकलं तर दूध करडं आणि म्हशीच्या जागी नुसतं भोक.

खरं उत्तर मधे होतं: १/१००. ते काढायला मी आपला तळहात वापरतो. ज्या दिव्याखाली म्हैस आहे त्याच दिव्याखाली हात धरायचा आणि त्यावर मीटर लावायचं. तळहात मध्यम करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, म्हणून मीटरचा काटा शून्यावर न आणता अधिक एकवर ठेवायचा. एकदा आकडे लागले की मॅन्युअलमध्ये कुलूप. मग चौकटीत नुसती म्हैस येऊ दे नाहीतर नुसता ग्लास, मीटर काय कुरबूर करतंय तिकडे बघायचंच नाही. या सेटिंगला फेसाच्या कडेचे बुडबुडे सुटे सुटे दिसतात आणि कुशीवरचे राठ केसही दिसतात, शिंगावर दिव्याची बारीक रेघ येते ती वेगळीच. मी हाताला फोकस करत बसलेलो बघून धार काढणारे मामा म्हणाले, ‘‘काय भावा, म्हशीचा काढालाईस काय स्वतःच्या हाताचा?’’

१/१०० हा आकडा तिथं आणखी एका कारणानं सोयीचा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी आणि जुन्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर १/१०० किंवा १/५० असेल तर प्रत्येक फोटोत लुकलुकीचा पूर्ण हिशेब येतो. १/२५० ला गेलात की एक फोटो उजळ, दुसरा मंद, तिसरा पिवळट. सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर लावलं असेल तर फोटोवर आडवे पट्टे येतात. दिव्याखाली ते बंदच ठेवा.

दिवाळी पाडव्याच्या म्हशींचं थोडक्यात. शिंगं रंगवलेल्या, कवड्यांच्या माळा घातलेल्या म्हशी मालकाच्या मोटरसायकलमागं पळतात तेव्हा हालचाल गोठवली तर म्हैस उभीच वाटते. म्हणून उलटं केलं: तिरप्या उन्हात आयएसओ १००, एफ ११, १/६० आणि म्हशीबरोबर कॅमेरा फिरवायचा. बरेच फोटो वाया जातात, ते गृहीत धरा. डोळा स्पष्ट आला की बाकी काहीही पुसट चालतं.

तालमीचं प्रकरण याच्या बरोबर विरुद्ध. सकाळची वेळ, एकच खिडकी, आत ताक-तेल-हळद घालून मुरवलेली लाल माती. वस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ‘‘फ्लॅश मारायचा न्हाई हं, पोरांच्या डोळ्याम्होरं अंधारी येती.’’ बरोबरच आहे, आणि तसाही फ्लॅशनं मातीचा रंग मरतो. ढाक डाव लागून पैलवान हवेत असतो तेव्हा १/५०० च्या खाली जाता येत नाही. खाली मातीवर घिस्सा डाव भरत असतील तर १/१६० पुरतो, कारण तिथं जोर जास्त आणि हालचाल कमी.

तिथं एफ १.८ चा मोह होतो. पण तीन मीटरवरून माझ्या लेन्सला १.८ वर स्पष्ट पट्टा मिळतो जेमतेम पाव मीटर. एकाचा कान स्पष्ट आणि दुसऱ्याचा अख्खा चेहरा धूसर. २.८ वर तो ४० सेंटिमीटरच्या आसपास जातो, म्हणजे गुंतलेली दोन डोकी त्यात बसतात. तेव्हा १/५०० आणि एफ २.८ ठरलं, आणि आयएसओ आपसूक ६४०० वर गेला. दाणे येतात. येऊ देत. आयएसओ कमी ठेवून नंतर कॉम्प्युटरवर उजळवला तरी ते जात नाहीत, कारण सेन्सरवर उजेडच तेवढा पडलेला असतो. आयएसओ म्हणजे फक्त रेडिओचा आवाज वाढवायच्या बटणासारखा. आणि खरं सांगायचं तर मातीनं माखलेल्या पाठीवर दाणे शोभतात. गुळगुळीत केलेला पैलवान मला साबणाच्या जाहिरातीतला वाटतो.

दिवसाउजेडी मीटरवर विश्वास नसेल तर जुना सनी १६ नियम अजून चोख चालतो: कडक उन्हात एफ १६ आणि शटर आयएसओच्या व्यस्त, म्हणजे आयएसओ १०० ला १/१००. पंचगंगा घाटावर दुपारी पडताळून बघितला. तिथल्या काळ्या दगडांनी चौकट भरली की मीटर फोटो दीड-दोन स्टॉप उजळवायला बघतं आणि दगड धुतल्यासारखा दिसतो. नियमाच्या आकड्याला दगड काळाच राहतो. हा नियम पडणाऱ्या उजेडाचा आहे, म्हणून त्याला वस्तूचा रंग फसवत नाही. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभावरून, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्मारकावरून, जाताना हल्ली हेच डोक्यात येतं. बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा तयार करून इथं चित्रपट काढले, तेव्हा असलं मीटर नव्हतंच. सगळा कारभार डोळ्याचा आणि अनुभवाचा.

जोतिबाच्या चैत्र यात्रेतल्या जुन्या रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या) फाइली परत उघडल्या त्यातून एक गोष्ट कळली. गुलालात नेहमीचा एकत्रित हिस्टोग्राम (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं दाखवणारा उजेडाचा आलेख) निवांत दिसतो आणि लाल चॅनल मात्र उजव्या भिंतीला जाऊन चिकटलेला असतो. मग गुलालाचा नुसता सपाट गुलाबी डाग होतो, दाणा दिसत नाही. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम असेल तर तोच चालू ठेवा आणि दोन तृतीयांश स्टॉप कमी घ्या. चेहरे थोडे काळवंडतात, ते नंतर वर आणता येतात. जळलेला लाल परत येत नाही. आणि तिथं लेन्स बदलायच्या भानगडीत अजिबात पडू नका.

सध्या गुऱ्हाळावर चाललोय. खाली चुलवाणातली आग, वर काहिलीची, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईची, वाफ आणि गूळ करणाऱ्या गुळव्याचा चेहरा मधे. आग फोटोत कोरी पांढरी झाली तरी चालेल असं ठरवलंय, कारण ज्वाळेच्या पोटात बघण्यासारखं काही नसतं, तिची कड मिळाली तरी बास. चेहऱ्यावर मीटर, एफ २, १/१२५, आयएसओ १६०० च्या आसपास. काहील वाफ्यात, म्हणजे गूळ थंड करायच्या उथळ हौदात, ओततात तेव्हा वाफेनं सगळं पांढरं होतं आणि कॅमेरा ऑटोवर असेल तर तो लगेच फोटो काळा करतो. म्हणून आकडे ओतायच्या आधीच बांधून ठेवायचे. पहाटेच्या थंडीतून थेट आत गेलं की लेन्सवर बाष्प धरतं, पुसलं तरी पुन्हा येतं. पिशवीचं तोंड बंद ठेवून ती गुऱ्हाळाच्या दाराशी पंधरा-वीस मिनिटं राहू द्यायची, तोवर आपण रस प्यायचा.